शेवंताबाईंचा नाप

ईरा, निहार, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजोबांच्या खुर्चीमागे खुंटीला ती रंगीबेरंगी लांबट पिशवी कसली लटकते. निहारला वाटलं, तिच्यात मोजे ठेवतात. आजोबा हसले आणि म्हणाले, "ते आमचं सर्व्हिस बुक आहे." मग नेहमीप्रमाणे नेट गेलं.

प्रश्न अर्धवट सोडणं मला जमत नाही. तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं, उत्तर वहीत उतरल्याशिवाय तास संपला असं मी कधी मानलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. अडेल तिथे आई वाचून दाखवेल. मात्र हे उत्तर पिशवीपेक्षा ती शिवणाऱ्या बाईविषयी जास्त आहे.

शेवंताबाई इथे आदिलाबादला जैनथ रस्त्याला, आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, एका खोलीत ब्लाउज शिवायच्या. पुढे मशीन, मागे चूल आणि मधे पडदा. बाई बुटक्या, काटक, आणि गळ्यात कायम टेप. लग्नाच्या जेवणाला आल्या तरी टेप गळ्यातच असायचा. नुसतं बघून त्यांना कुणाचंही माप कळत असे, तरी त्या दोनदा मोजत. एकदा मी म्हटलं, "अहो, मागच्याच महिन्यात घेतलंत ना माझं माप?" त्या म्हणाल्या, "थे मागच्या महिन्याचं होतं, म्याडम. अंग रोज येगळं असते."

मापाला त्या नाप म्हणत. त्यांच्याकडे एक जाड नापाची वही होती. प्रत्येक बाईचं एक पान, त्यावर छाती, कंबर, बाही, गळा. ती वही मशीनच्या खणात कुलपात असे. कुणी सहज विचारलं, "त्या समोरच्या बाईंची कंबर किती हो?" तर शेवंताबाई दातात दोरा धरून मान हलवायच्या. "कोणाचा नाप कोणाले सांगत नसतो मी." हा त्यांचा नियम होता आणि तो मोडलेला मी फक्त एकदा पाहिला. ते पुढे येईल.

मग त्या आशा कार्यकर्ती झाल्या. सकाळी घरोघरी फेरी, दुपारी शिवण. दवाखान्यातून त्यांना बीपी मोजायचं यंत्र मिळालं, आणि त्याच वहीत, त्याच पानांवर, बाही आणि गळ्याच्या खाली आणखी दोन आकडे पडू लागले. एक वरचा आणि एक खालचा.

त्यांचं बीपी मोजणं बघायला मी कधीकधी मुद्दाम थांबत असे. दवाखान्यात आपण धापा टाकत जातो, कुणीतरी दंडाला पट्टा गुंडाळतं, आणि आकडा लिहून आपल्याला पुढे ढकलतं. शेवंताबाईंकडे तसं चालत नसे. भिंतीला लावलेली एक खुर्ची होती. पाठ टेकायची, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर, आणि पाच मिनिटं तोंड बंद. तेलुगू बोलणाऱ्या बायकांना त्या "माट्लाडोद्दु अम्मा" म्हणून ओठांवर बोट ठेवत. आपल्या बायकांना सांगत, "बोलू नोका माय. तुमी बोलता तं नंबर बी बोलते."

आता आदिलाबादच्या बायकांना पाच मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. भाजीचा मळा असलेली कमलाबाई एकदा खुर्चीत बसली, ती पोटात बातमी घेऊनच.

"अवो शेवंता, येवढं एकच सांगू दे..."

"पाच मिनिटं. बातमी कुठी पळून जात नाई."

"पळून नाई तं काय! पळूनच तं गेली थे पोरगी!"

खोलीत सगळ्या बायका हसल्या. शेवंताबाईसुद्धा हसल्या, डोळे पुसले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता पह्यल्यापासून पाच."

बाहीचंही तसंच. आमच्याकडे ब्लाउजची बाही दंडाला घट्ट बसणारी शिवून घेतात. पट्ट्यासाठी ती वर सरकवली की तिचाच फास बसतो आणि आकडा भलताच येतो. हे लक्षात आलं ते शिवणारीच्या. त्या दिवसापासून चाळिशीपुढच्या बाईच्या बाहीत त्या न विचारता एक इंच जास्त धरू लागल्या. बायका कुरकुरल्या, "काऊन वो, बाही ढिली केली?" उत्तर ठरलेलं असे. "थे बीपीचं ब्लाउज हाय. राहू द्या."

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट डॉक्टरांबरोबरची. दवाखान्यात एक तरुण तेलुगू डॉक्टर आले होते, हुशार आणि घाईतले. सावित्रीबाई नावाची अंगाने थोराड बाई दर महिन्याला जायची, आकडा दर महिन्याला चढलेला, आणि डॉक्टर गोळी वाढवायला निघालेले. शेवंताबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि सरळ सावित्रीबाईच्या दंडाला लावला.

"साब, ये पट्टा इसको छोटा पडता."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "अम्मा, आप डॉक्टर हैं क्या?"

"नहीं साब. टेलर है मैं. नाप का मालूम."

नंतर मला सांगताना त्या म्हणाल्या, "पट्ट्यातला फुगा अर्ध्याच दंडावर बसून राह्यला होता, म्याडम. दुसऱ्याच्या बाहीत हात कोंबला तं रुततेच. मंग दंड सुजला म्हणाचं काय?" डॉक्टर आधी रागावले. पण माणूस प्रामाणिक होता. त्यांनी घरी जाऊन पुस्तक उघडलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात दवाखान्यात मोठा पट्टा आला. सावित्रीबाईचा आकडा बराच उतरला. बाई तिथेच पेढे वाटायला निघाली, तेव्हा शेवंताबाईंनी तिचा पदर धरला. "कमी झाला, गेला नाई. गोळी चालूच ठेवजा."

तेव्हापासून डॉक्टर नवीन माणूस आलं की हाक मारायचे, "टेलरम्मा, पहले नाप लो." ही हाक मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. इतका अभिमान मला माझ्या विद्यार्थ्यांच्या निकालाचाही वाटला नसेल.

बीपी म्हणजे काय, हे मी इंग्रजीत वाचलं होतं, पण कळलं ते शेवंताबाईंच्या मशीनवर. बायका म्हणायच्या, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग आजार कसला? त्या एक चिंधी घेत, धाग्याचा स्क्रू आवळत आणि टीप मारून दाखवत. "पाहा. धागा जास्त ताणला हाय. मशीनचा आवाज बदलला काय? नाई. टाके वाकडे दिसते काय? नाई. पण धागा आतून झिजून राह्यला. आज चालते, उद्या चालते, अन् एक दिवस मधातच तुटते. डोक्यात तुटला तं लकवा. छातीत, किडनीत, डोळ्यात, कुठीबी तुटते. धागा काई सांगून तुटत नसते."

पिशवीची कल्पनाही त्यांचीच. बायकांना वार वाचता येत नसत, गोळी घेतली की नाही ते आठवत नसे. त्यांनी कातरणातून सात रंगांचे सात कप्पे असलेली पट्टी शिवली. बाजाराच्या दिवसाचा कप्पा लाल, बाकीच्या वारांना आपापला रंग. रोज एक कप्पा रिकामा करायचा. पहिल्याच महिन्यात त्यांना दिसलं, की घरोघरी सोमवारचा कप्पा भरलेलाच राहतो. उपास! गोळी पोटात गेली तर उपास मोडेल, म्हणून बायका ती ठेवून देत. आणि त्याच दिवशी शेंदेलोण घातलेले बटाट्याचे तळलेले काप पोटभर खात, कारण ते उपासाचं मीठ.

"मीठ पांढरं असो का गुलाबी, नसांले रंग दिसत नाई," असं त्या म्हणाल्या. पण नुसतं बोलून बायका ऐकणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. देवीला भरलेल्या ओटीतले खण देवळातून प्रसाद म्हणून परत मिळतात ना, ते त्यांनी मागून आणले आणि प्रत्येक पिशवीचा सोमवारचा कप्पा त्या खणाचा शिवला. "आता बोला. देवीच्या खणातलं खाल्लं तं उपास मोडते काय?" सोमवारचे कप्पे रिकामे होऊ लागले.

आता आजोबांकडे येते.

तुमचे आजोबा तहसील कचेरीत जन्मभर होते. उर्दू वळणाचे जुने शब्द आणि शांत स्वभाव, दोन्ही त्यांनी तिथून घरी आणले. कधी आवाज चढवला नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांचं बीपी जास्त निघालं तेव्हा तो त्यांना स्वतःवरचा खोटा आरोपच वाटला. "बीपी रागीट माणसाला होतो. मला कधी राग आलाय का?" मी त्यांना समजावलं. गोळ्यांचं वेळापत्रक टाइप करून फ्रिजवर लावलं. पहिले तीन महिने गोळी मी रोज त्यांच्या हातावर ठेवली, मग शेवंताबाईंकडून पिशवी आणली आणि आजोबांच्या खोलीच्या दारामागे टांगली. दर रविवारी सकाळी मी सात कप्पे भरायचे, पुढच्या रविवारी सातही रिकामे असायचे. माझ्या व्यवस्थेवर मी खूश होते.

पिशवी आणली त्याच आठवड्यात दवाखान्यात शेवंताबाईंनी मोजलं, आकडा चांगला आला. आजोबा म्हणाले, "नंबर दुरुस्त, गोळी बरखास्त!" मी दटावलं, ते हसले. विषय संपला असं मला वाटलं.

पुढच्या दिवाळीआधी शेवंताबाई माझं ब्लाउज द्यायला घरी आल्या. पिशवीकडे त्यांचं सहज लक्ष गेलं. त्या दारामागे गेल्या, एकेका कप्प्यात बोट घालून पाहिलं.

"म्याडम, हे पिशवी किती महिन्याची?"

"आठ-नऊ झाले असतील."

"साहेब रोज गोळी घेते?"

"घेतात की. दर रविवारी सगळे कप्पे रिकामे असतात."

त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रोज बोट गेलं असतं तं कप्प्याचं तोंड ढिलं पडलं असतं. घडी मोडली असती. हे तं काल शिवल्यावानी कडक हाय. हे आठवड्यातून एकदा उलटी करून झटकून राह्यले."

मी आजोबांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. मग उठले, कपाटातून चष्म्याची जुनी डबी काढली आणि माझ्यासमोर उघडली. पांढऱ्या गोळ्यांनी ती काठोकाठ भरली होती. माझं टाइप केलेलं वेळापत्रक फ्रिजवर होतं आणि गोळ्या चष्म्याच्या डबीत.

"टाकून द्यायला जिवावर आलं," एवढंच ते म्हणाले.

शेवंताबाईंनी यंत्र काढलं. आजोबा म्हणाले, "मला काही होत नाही, कशाला मोजायचं?" त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं बसा, साहेब. मंग नोका म्हणा." ते बसले. पाच मिनिटांनी जो आकडा आला तो दवाखान्यातल्या पहिल्या आकड्याहूनही मोठा होता. शेवंताबाईंनी पुन्हा मोजलं. तोच. आजोबा तरी म्हणतात, "यंत्र बिघडलं असेल. मला तर एकदम बरं वाटतंय."

मला वाटलं, आता त्या रागावतील. मी तर रागावलेच होते. त्यांनी यंत्र आपल्या झोळीत ठेवलं, चप्पल घातली आणि म्हणाल्या, "साहेब, दहा मिनिटं माह्या घरी चाला. म्याडम, तुमी बी."

आजोबा कुणा शिवणाऱ्या बाईच्या घरी असे कधी गेले नसते. पण त्या आवाजाला नाही म्हणता येत नव्हतं. आम्ही गेलो. वाटेत मी त्यांना ते "नंबर दुरुस्त, गोळी बरखास्त" सांगितलं. शेवंताबाईंनी मशीनमागचा पडदा बाजूला केला.

आत खाटेवर त्यांच्या सासूबाई होत्या, भागाबाई. उजवं अंग पूर्ण गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं नाही. मला त्या आजारी असतात एवढंच माहीत होतं. इतकी वर्षं मी त्या पडद्याच्या अलीकडे उभी राहून ब्लाउजचे गळे ठरवत होते.

"या घरात शिवण यायनं आणलं," शेवंताबाई म्हणाल्या. "मले यायनंच शिकवलं. काज कराव तं यायनं. शर्टाचं काज अर्ध्या मिनटात, मशीनपेक्षा साफ. यायले बीपी होता. गोळी चालू होती. मंग एक डाव नंबर चांगला आला."

त्या थांबल्या. गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरला.

"कोणाचा नाप कोणाले सांगत नसतो मी, साहेब. आज सांगतो. थो नंबर बरोबर तुमच्या दुरुस्त नंबरायेवढा होता. माय मले म्हणे, आता कायले गोळी? अन् मीनंच म्हटलं, हो, उतरला नं, आता राहू द्या. मीनं बंद केली थे गोळी. मले माहीत नव्हतं, नंबर गोळीनंच उतरते. चार महिने काईच झालं नाई. यायले बी एकदम बरंच वाटे. मंग एका सकाळी काज करता करता सुई हातातून पडली."

आजोबा खाटेजवळच्या स्टुलावर बसले. भागाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपला चांगला, डावा हात पुढे केला. तो हात आजोबांच्या शर्टाच्या बाहीपर्यंत आला, मनगटाजवळचं बटण चाचपलं, मग अंगठ्याने काजाच्या कडेवरून फिरला, एकदा, दोनदा. काज कसं केलंय ते ती बाई तपासत होती. आणि चेहऱ्याच्या चांगल्या बाजूने तिने नापसंती दाखवली. तयार शर्ट होता तो, दुकानातला.

आजोबा किती वेळ तसे बसले, मी घड्याळ पाहिलं नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त नक्कीच. मग त्यांनी तेच बटण काढलं, बाही दुमडायला लागले, थांबले, आणि शर्टातून हातच पूर्ण बाहेर काढून शेवंताबाईंपुढे धरला.

"पुन्हा मोजा," ते म्हणाले. "आणि गोळी बहाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. किडनीवर थोडा परिणाम सुरू झाला होता. थोडाच. "टाइम पे आए," डॉक्टर म्हणाले. आजोबांनी शेवंताबाईंकडे बोट दाखवलं. "मैं नहीं आया. ये लाईं."

पुढे वर्षभराने भागाबाई गेल्या. शेवंताबाईंच्या मुलाला बेल्लमपल्लीला कोळसा खाणीत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि त्याने आईला बोलावून घेतलं. मशीन आधीच पुढे गेलं होतं. जायच्या सकाळी मी आणि आजोबा त्यांना बसला पोचवायला गेलो. खूप बायका आल्या होत्या, सगळ्या ढिल्या बाह्यांच्या. कमलाबाईने वांगी आणि मेथी आणली होती, आणि शेवंताबाईंनी तिला आधी दटावलं, "अवं, पापड कोणं टाकले यात?" मग सगळं घेतलं, पापड तेवढे परत दिले. नापाची वही त्यांनी नव्या आशाताईच्या हातात दिली. कुलपासकट.

बस सुरू व्हायच्या आधी आजोबांनी पिशवीतून काहीतरी काढून खिडकीतून वर दिलं. ती आमची सात कप्प्यांची पट्टी होती. त्यांनी ती मला न विचारता दारामागून काढून आणली होती.

शेवंताबाईंनी ती मांडीवर पसरली. पहिल्या कप्प्यात बोट घातलं. तोंड सैल झालं होतं. दुसऱ्याची टीप उसवलेली. सोमवारच्या खणाचा कप्पा तर एका बाजूने पार सुटला होता, जरीचा काठ लोंबत होता. आपण शिवलेल्या वस्तूची अशी दशा बघून कुठल्याही शिवणाऱ्या बाईचा जीव खालीवर झाला असता. शेवंताबाई मोठ्याने हसल्या. अख्ख्या बसने मान वळवली.

"साहेब! हे तं फाटली!"

"रोजचं काम आहे," आजोबा म्हणाले. "फाटणारच."

शेवंताबाईंनी आपल्या पिशवीतून एक कोरी पट्टी काढून आजोबांच्या हातात ठेवली. तुम्ही पाहिलीत ती हीच. ती त्यांनी आधीच शिवून ठेवली होती. म्हणजे जुनी फाटली असणार, याची त्यांना खात्री होती. जुनी मी परत मागितली, तर त्यांनी ती छातीशी धरली.

"हे मी घेऊन जातो, म्याडम. तिकडच्या बायकायले दाखवाले. पिशवी कशी दिसाले पायजे थे."

बस हलली. गर्दीत खिडकीतून मला त्यांचा फक्त हात दिसत होता, आणि त्यात वाऱ्यावर फडफडणारे ते सात उसवलेले कप्पे.